नफा नेमका कुणाच्या सोयीचा?

अध्यक्षमहोदय, मित्रहो,

‘वित्तीय लेखा-संशोधनावर अर्थशास्त्राचा प्रभाव’, म्हणजे कंपन्यांच्या हिशेबांवरच्या संशोधनात अर्थशास्त्र कसं शिरलं, हा विषय वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे तुम्ही एकतर प्राध्यापक असणार नाहीतर संयोजकांचे नातेवाईक.

1960च्या दशकापर्यंत आमच्या लेखाशास्त्रातल्या विद्वानांचा मुख्य उद्योग उपदेशाचा होता. घसारा असा काढावा, मालमत्तेची किंमत तशी धरावी. खरा नफा कोणता, यावर प्रत्येकाचा वेगळा ग्रंथ. (हसू नका, पुढच्या रांगेत काहींनी त्यावरच पीएच.डी. केली आहे.) पण कुणाचं खरं, हे ठरवायची कसोटी कुणाकडेच नव्हती.

मग शिकागो विद्यापीठात शिकलेले दोन ऑस्ट्रेलियन आले, रे बॉल आणि फिलिप ब्राऊन. ते म्हणाले, वाद कशाला, शेअर बाजारालाच विचारू. माहिती शेअरच्या भावात चटकन मुरते, हे शिकागोतलं अर्थशास्त्र त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी 261 कंपन्या तपासल्या. नफा अपेक्षेपेक्षा जास्त तर भाव चढलेला, कमी तर उतरलेला. पण वार्षिक नफ्याच्या आकड्यातली 85 ते 90 टक्के माहिती बाजाराने आधीच टिपलेली! ज्या आकड्यासाठी आम्ही रात्री जागवतो, तो जाहीर होईपर्यंत शिळा. या निष्कर्षाचा मला अजून राग येतो. कारण त्या ‘आधी’मध्ये कंपन्यांचे वर्षाच्या मधले, अंतरिम अहवालही आले, आणि तेही हिशेबनीसच लिहितात. हे सांगायचं मात्र सगळे विसरतात.

बॉल-ब्राऊन यांचा हा लेख ‘दि अकाउंटिंग रिव्ह्यू’ या नियतकालिकाने परत पाठवला. का, तर हे लेखाशास्त्रच नव्हे! शेवटी 1968मध्ये तो ‘जर्नल ऑफ अकाउंटिंग रिसर्च’मध्ये आला आणि पुढच्या दोन पिढ्या त्याच्यावर जगल्या. दहा वर्षांनी त्याच ‘रिव्ह्यू’ने वॉट्स आणि झिमरमन या लेखाशास्त्राच्या प्राध्यापकांना जागा दिली. 1979च्या लेखात ते सरळ म्हणाले की लेखा-सिद्धान्त म्हणजे सबबींचा बाजार. ज्याला जो नियम हवा, त्याला साजेसा सिद्धान्त पुरवणारा विद्वान मिळतोच. अशी शिवी स्वतःच्या नियतकालिकात छापायला छाती लागते.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, तीन.

तर मूळ मुद्दा. 1937मध्ये अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोसने विचारलं, कंपनी मुळात असतेच कशासाठी? 1976मध्ये जेन्सन आणि मेकलिंग हे अर्थशास्त्रज्ञ म्हणाले, ती करारांची गुंफण आहे. मग हिशेब हा त्या करारांचा पहारेकरी. व्यवस्थापकाचा बोनस नफ्यावर ठरत असेल, तर तो नफा आज दाखवणारी पद्धत निवडेल. कर्जाच्या अटी मोडायला आल्या, तरी तेच. कंपनी फार मोठी, सरकारच्या डोळ्यात भरणारी असेल, तर उलट नफा दडवेल. वॉट्स-झिमरमन यांची ही तीन अनुमानं, आणि यांवर ढिगाने शोधनिबंध.

माझी तक्रार एवढीच: नफा कसा मोजावा, हा प्रश्न या गर्दीत टाकाऊ ठरला. हिशेबाची मानकं, म्हणजे नियम, बनवणाऱ्या मंडळांना मात्र तो दर बैठकीत सोडवावाच लागतो. व्यवस्थापक काय निवडेल हे आम्ही त्यांना सांगतो. त्यांनी काय निवडावं, असं विचारलं की आम्ही म्हणतो, हा संशोधनाचा प्रश्नच नव्हे.

दुसरी चिठ्ठी. थांबतो.