टेस्टामेंट: ड्रमसेटमागची खांदेपालट

[दृश्य: जमिनीलगत ठेवलेला कॅमेरा. बास ड्रम, दोन पेडल, दोन पाय.]

आधी पाय बघा. चेहरा नंतर दिसेलच. उजवा, डावा, उजवा, डावा. टाच वर उचललेली, सगळा जोर घोट्यातून. दोन्ही पायांचे ठोके सारख्या वजनाचे पडले नाहीत, तर गाणं लगेच लंगडायला लागतं. थ्रॅश मेटल, म्हणजे रॉकचा अतिवेगवान, आक्रमक प्रकार, पळतो तो या पायांवर. आणि टेस्टामेंट या बँडमध्ये हे पाय सतत बदलत आलेत.

ज्या बँडमध्ये इतकी माणसं आली-गेली, त्यात काही दम उरत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. आम्हाला ते पटत नाही. टेस्टामेंट आज स्वतःच्याच जुन्या गाण्यांची उजळणी करत बसलेला नाही, याचं मोठं श्रेय ड्रमच्या स्टुलावर येऊन गेलेल्यांना आहे.

[दृश्य: सॅन फ्रान्सिस्को उपसागराचा नकाशा, पूर्व किनाऱ्यावर बर्कली.]

१९८३. कॅलिफोर्नियातलं बर्कली. एरिक पीटरसन आणि त्याच्या नात्यातला भाऊ डेरिक रामिरेझ यांनी बँड काढला. नाव ठेवलं लेगसी. लीड गिटारला आला ॲलेक्स स्कॉल्निक, तेव्हा अजून शाळकरी पोरगा, प्रसिद्ध गिटारवादक जो सॅट्रियानी याचा शिष्य. १९८६ मध्ये गायक स्टीव्ह सूझा एक्झोडस या दुसऱ्या थ्रॅश बँडमध्ये गेला आणि त्याच्या जागी चक बिली उभा राहिला. धिप्पाड, वडिलांकडून पोमो या मूलनिवासी समाजाचा. त्या आवाजाबद्दल वेगळं बोलायला नको, पुढे ऐकालच.

पहिला अल्बम १९८७ चा. तोवर बँडचं नाव टेस्टामेंट झालं होतं, मग जुनं नाव अल्बमला दिलं. बास गिटारवर ग्रेग ख्रिश्चन, ड्रमवर लुई क्लेमेंट. हे पाच जण १९९२ पर्यंत पाच अल्बम एकत्र राहिले. मेटालिका, मेगाडेथ, स्लेयर, अँथ्रॅक्स या थ्रॅशच्या चार बड्या बँडमध्ये, म्हणजे 'बिग फोर'मध्ये, टेस्टामेंटची गणती कधी झाली नाही. का झाली नाही, यावर चाहते आजही हमरीतुमरीवर येतात.

[दृश्य: पीटरसनचा उजवा हात, अगदी जवळून.]

हा हात मात्र नीट बघा, कारण या गोष्टीत पहिल्यापासून आजवर न हललेला तेवढाच आहे. तळव्याची कड ब्रिजपाशी, म्हणजे गिटारवर तारा जिथे टेकतात तिथे, तारांवर टेकलेली. त्यामुळे सूर घुमत नाही, दबतो, 'डुग-डुग-डुग' असा. प्लेक्ट्रमचा, म्हणजे तारा छेडायच्या पातीचा, प्रत्येक फटका वरून खाली. रिदम गिटार म्हटलं की आपण तिला दुय्यम समजतो, कारण सोलो वाजला की कॅमेरा तिकडे वळतो. आमचाही वळतो. पण टेस्टामेंटची बहुतेक गाणी या हातातून सुरू होतात, आणि त्याला जोडीदार हवा असतो तो ड्रमर. दबलेल्या तारेचा फटका आणि बास ड्रमचा ठोका एकाच क्षणी पडला, की दोन वाद्यांचं एकच वाद्य होतं.

[दृश्य: नव्वदच्या दशकातली स्टेजवरची धूसर चित्रफीत.]

नव्वदीच्या सुरुवातीला ग्रंज या नव्या धाटणीच्या रॉकची लाट आली आणि थ्रॅशची सद्दी संपली. १९९२ च्या 'द रिच्युअल' अल्बममध्ये टेस्टामेंटनेही वेग कमी करून पाहिला. त्यानंतर स्कॉल्निक गेला. त्याला जॅझ शिकायचं होतं, पुढे न्यूयॉर्कला जाऊन तो शिकलाही. क्लेमेंटनेही राम राम ठोकला.

आणि इथून स्टूल फिरायला लागतं.

१९९३ च्या ईपीवर, म्हणजे छोट्या अल्बमवर, पॉल बोस्टाफ. १९९४ च्या 'लो'वर जॉन टेम्पेस्टा, सोबत गिटारला डेथ या बँडमधून आलेला जेम्स मर्फी. टेम्पेस्टाचा ठोका जड, जमिनीत रुतणारा. त्याच्या संगतीत पीटरसनची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची धून, तीही जड झाली आणि बिलीच्या गळ्यातून पहिल्यांदा पोटातली गुरगुर निघाली. मग मोठ्या रेकॉर्ड कंपनीची साथ सुटली. १९९७ मध्ये 'डेमॉनिक' आला तो बँडच्या स्वतःच्या लेबलवर. ड्रमवर जीन होग्लन. वेळेचा इतका पक्का, की मेटलवाले त्याला 'ॲटॉमिक क्लॉक' म्हणतात. या अल्बमवर जवळजवळ डेथ मेटलच, म्हणजे गुरगुरत्या आवाजाचं, आणखी काळोखं मेटल ऐकू येतं. जुन्या चाहत्यांना तो रुचला नाही. आम्हाला विचाराल तर, 'डेमॉनिक' झाला नसता तर पुढचा अल्बमही झाला नसता.

[दृश्य: डेव्ह लोम्बार्डो. हात आणि पाय एकाच चौकटीत.]

१९९९. 'द गॅदरिंग'. स्टुलावर डेव्ह लोम्बार्डो, स्लेयरचा मूळ ड्रमर. बासवर स्टीव्ह डिजॉर्जिओ, त्याच्या बासला फ्रेट, म्हणजे सुरांच्या जागा ठरवणाऱ्या पट्ट्या, नाहीत. गिटारला पुन्हा मर्फी, मिक्सिंगला अँडी स्नीप. 'लो'चा जडपणा, 'डेमॉनिक'चा काळोख आणि ऐंशीच्या दशकातला वेग, तिन्ही गोष्टी इथे एकाच गाण्यात नांदतात. लोम्बार्डो घड्याळासारखा वाजवत नाही. तो किंचित पुढे रेटतो, आता घसरणार असं वाटायला लावतो आणि घसरत नाही. पीटरसनच्या हाताला त्याच्यामागे धावावं लागतं.

[इथे निवेदन थांबेल. चाळीस सेकंद फक्त ड्रम आणि गिटार.]

२००१ मध्ये चक बिलीच्या छातीत कर्करोगाची गाठ सापडली. त्याच सुमारास मर्फीच्या मेंदूतही गाठ निघाली.

[दृश्य: केस गेलेला चक बिली. निवेदन नाही.]

त्या वर्षी ११ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोत, मदतनिधीसाठी, बे एरियाचे, म्हणजे त्या उपसागराभोवतालचे, जुने थ्रॅश बँड एका स्टेजवर आले. 'थ्रॅश ऑफ द टायटन्स'. मोडलेले बँड त्या एका रात्रीपुरते जुळले. त्यातला डेथ एंजल हा बँड तर नंतर विखुरलाच नाही. स्कॉल्निकही त्या रात्री जुन्या सोबत्यांबरोबर वाजवून गेला. बिली बरा झाला.

[दृश्य: लंडन, २००५. दोन ड्रमर आळीपाळीने.]

२००५ मध्ये मूळ संच युरोपात फिरला. लंडनच्या कार्यक्रमात ड्रमवर दोघं होते: काही गाणी टेम्पेस्टाने वाजवली, काही क्लेमेंटने. एकाच रात्री एकाच बँडचे दोन स्वभाव. क्लेमेंट आला की गाणी हलकी, उड्या मारणारी वाटतात. टेम्पेस्टा बसला की तीच माणसं चार पावलं जड टाकतात. आमचा मुद्दा या चित्रफितीइतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

[दृश्य: आलेख. एका बाजूला स्लेयर, दुसऱ्या बाजूला टेस्टामेंट.]

आता थोडं सावकाश, कारण इथे भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. १९९२ मध्ये लोम्बार्डोने स्लेयर सोडलं, तिथे बोस्टाफ गेला. लोम्बार्डो १९९९ चा अल्बम टेस्टामेंटसाठी वाजवून गेला. पुढे बोस्टाफने स्लेयर सोडलं, तर लोम्बार्डो तिथे परतला. बोस्टाफ २००७ मध्ये टेस्टामेंटमध्ये आला, २०१३ मध्ये पुन्हा स्लेयरमध्ये गेला, तोही लोम्बार्डोच्याच जागी. आणि २०२२ मध्ये लोम्बार्डो पुन्हा टेस्टामेंटच्या स्टुलावर! दोन बँड, दोन ड्रमर आणि वीस-तीस वर्षांचा संगीतखुर्चीचा खेळ.

या खेळाच्या मधल्या काळात टेस्टामेंट नव्याने उभा राहिला. २००८ चा 'द फॉर्मेशन ऑफ डॅम्नेशन' हा स्कॉल्निक परतल्यावरचा पहिला नवा अल्बम, ड्रम बोस्टाफचे. २०१२ च्या 'डार्क रूट्स ऑफ अर्थ'च्या वेळी बोस्टाफला दुखापत झाली आणि पुन्हा होग्लन बसला. तो अल्बम बिलबोर्डच्या यादीत बाराव्या क्रमांकावर उतरला. तीस वर्षं जुन्या थ्रॅश बँडच्या मानाने ही काही थोडी मजल नव्हे. होग्लन पुढे २०१६ आणि २०२० च्या अल्बमांवरही राहिला. २०१४ मध्ये ग्रेग ख्रिश्चन दुसऱ्यांदा बाहेर पडला, डिजॉर्जिओ परत आला. २०२० च्या मार्चमध्ये युरोपचा दौरा आटोपून आल्यावर बँडमध्ये कोविड शिरला, बिलीही त्यात सापडला. सगळे बरे झाले.

[दृश्य: पुन्हा तेच पेडल. या वेळी कॅमेरा हळूहळू वर जातो. ख्रिस डोव्हास.]

हा चेहरा. ख्रिस डोव्हास. बँडच्या पहिल्या अल्बमपेक्षाही वयाने लहान. २०२३ मध्ये लोम्बार्डोला दौरे जमेनात, तेव्हा हा बदली म्हणून आला आणि कायमचा झाला. होग्लन आणि लोम्बार्डो बसून गेलेल्या जागी बसायचं म्हणजे छातीच लागते.

त्याच्यासोबतचा पहिला अल्बम 'पॅरा बेलम', १० ऑक्टोबर २०२५. पहिल्याच गाण्यात स्नेअर (काठ्यांनी वाजणारा, कडक आवाजाचा ड्रम) आणि बास ड्रम एका दमात धावतात, ब्लास्ट बीट. त्यावर पीटरसनचा किंचाळणारा आवाज, थेट ब्लॅक मेटल या मेटलच्या काळोख्या प्रकाराच्या वळणाचा. ही आवड त्याची जुनीच, तिच्यासाठी त्याने ड्रॅगनलॉर्ड नावाचा वेगळा बँड काढला होता. टेस्टामेंटमध्ये ती इतकी मोकळी सुटली ती हा पोरगा आल्यावर. याच अल्बमवर 'मेंट टू बी' नावाचं संथ गाणंही आहे, चेलोच्या साथीचं, आणि तिथे डोव्हास हात आवरून वाजवतो. ते आम्ही घेतलेलं नाही. आम्ही चित्रित केलंय ते वेगवान गाणं.

[दृश्य: स्टेज, पूर्ण बँड. ड्रमच्या काठ्यांचे चार ठोके, गाणं सुरू. निवेदन समाप्त.]