दाखल्यावर न दिसणारे ऊन

मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंश सेल्सिअसवर पोहोचला. उन्हाने माणसे दगावतात हे कोणाला नवीन नव्हते. पण त्या महिन्यात नेमके काय घडले, ते कळायला पुढे काही वर्षे लागली. केवळ उष्माघाताच्या नोंदींवर विसंबून न राहता संशोधकांनी शहरातील सर्वच मृत्यू मोजले आणि २००९ व २०११ च्या मे महिन्यांशी त्यांची तुलना केली, तेव्हा १,३४४ मृत्यू जास्त भरले. म्हणजे नेहमीपेक्षा सुमारे ४३ टक्के अधिक.

मृत्यूच्या दाखल्यांवरून हा आकडा निघत नाही, कारण उष्णता बहुधा दुसऱ्या आजाराच्या आडून जीव घेते. शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावे लागते, त्यामुळे हृदयाला जास्त काम पडते. घामावाटे पाणी आणि क्षार निघून गेले की मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि आधीच हृदयविकार किंवा मधुमेह असलेला वृद्ध उन्हात पाऊलही न टाकता घरातल्या खाटेवर कोसळतो. कारण लिहिले जाते ते हृदय बंद पडल्याचे. शरीराच्या आतले तापमान ४० अंशांपुढे जाऊन माणूस बरळू लागतो किंवा बेशुद्ध पडतो, तो उष्माघात. त्यात मिळेल त्या पाण्याने शरीर थंड करणे रुग्णवाहिका येण्याआधीच सुरू व्हावे लागते.

नवजात बाळांनाही ही झळ बसते. अहमदाबादच्याच एका रुग्णालयात प्रसूती विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलवल्यावर उष्णतेमुळे अतिदक्षता कक्षात न्याव्या लागणाऱ्या बाळांचे प्रमाण घटले. इतका साधा उपाय सुचायलाही आधी त्या बाळांच्या नोंदी नीट तपासाव्या लागल्या.

२०१३ मध्ये या शहराने दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा लागू केला. नागपूरनेही २०१६ मध्ये ती वाट धरली. पारा ४५ अंशांवर जाण्याची चिन्हे दिसली की अहमदाबादेत लाल इशारा दिला जातो आणि दवाखाने सज्ज ठेवले जातात. मात्र हा इशारा दिवसाच्या कमाल तापमानावर बेतलेला आहे. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्यांची रात्रही तापलेलीच असते, आणि दिवसभर शिणलेल्या शरीराला सावरण्यासाठी लागणारा गारवा त्यांना मिळत नाही. त्या रात्रींचा हिशेब इशाऱ्यांच्या लाल, नारिंगी, पिवळ्या रंगांत अजून पुरेसा उतरलेला नाही.