दही विसरलेली कोशिंबीर

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या बुधवारी नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात अर्धा किलो टोमॅटो मागितले, तर भाजीवाली मावशी म्हणाली, "अर्धा किलो काय नेता ताई, दोन किलो न्या." सध्या पिंपळगावच्या आणि गिरणाऱ्याच्या टोमॅटो बाजारात 20-20 किलोची कॅरेट उतरताहेत, तेव्हा तिचंही बरोबरच. दोन किलो घरी आले आणि मी ठरवलं, साल्सा करायचा.

साल्सा मी पहिल्यांदा केला तेव्हा फजिती झाली होती. टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर सगळं मिक्सरमध्ये घातलं आणि बटण दाबलं. झाकण उघडलं तर आत गुलाबी फेस! पात्याच्या वेगानं टोमॅटोच्या रसात हवा घुसळली जाते आणि लाल रंग फिका पडतो. कांदा तर असा उग्र झाला की विचारू नका. सासूबाईंनी बोटावर घेऊन चाखला आणि म्हणाल्या, "अगं, कोशिंबीर करायची होती का? मग दही विसरलीस. आणि ही वाटली कशाला?"

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. साल्सा या स्पॅनिश शब्दाचा अर्थ नुसता सॉस. मेक्सिकोत त्याचे प्रकार पुष्कळ, पण त्यातला ताजा, कच्चा, बारीक चिरलेला प्रकार म्हणजे 'पिको दे गायो', शब्दशः कोंबड्याची चोच. लाल टोमॅटो, पांढरा कांदा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर, म्हणजे त्यांच्या झेंड्याचे तिन्ही रंग. वरून लिंबू आणि मीठ. आपल्या कोशिंबिरीपासून हे किती लांब आहे, सांगा बरं? टोमॅटो आणि मिरची दोन्ही मूळची तिकडचीच. टोमॅटो हा शब्दसुद्धा तिथल्या नाहुआट्ल भाषेतल्या 'टोमाट्ल'वरून आलेला. पोर्तुगीजांमुळे ही झाडं आपल्याकडे आली आणि आता ती परकी आहेत असं निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला सांगून बघा!

आणखी एक गंमत. वाटलेला साल्सा तिकडे करतात तो 'मोलकाहेते'त. हा तीन पायांचा दगडी खल असतो, ज्वालामुखीच्या काळ्या बेसाल्टचा. आपला पाटा-वरवंटाही बेसाल्टचाच, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा. माझ्या घरचा पाटा मागच्या गॅलरीत कुंड्यांखाली गेलाय, हे मात्र कबूल करते.

आता करायचं कसं. चार घट्ट, पिकलेले टोमॅटो घ्या. लांबच्या बाजारात पाठवण्यासाठी लावतात ते जाड सालीचे, लांबोडे टोमॅटो आपण नावं ठेवून बाजूला सारतो; इथे तेच कामाचे, कारण चिरल्यावर फोडी उभ्या राहतात. फ्रीजमधले नकोत, थंडीनं टोमॅटोचा वास मरतो. हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या फोडी करा. त्यांना अर्धा चमचा मीठ चोळून चाळणीत ठेवा, खाली भांडं, आणि पंधरा मिनिटं विसरून जा. मिठानं पाणी सुटतं आणि ते खाली निथळतं. सगळी मेख इथे आहे. ही पंधरा मिनिटं वाचवली, की ताटलीत साल्साचं तळं होतं आणि पापड त्यात विरघळतो. बियांभोवतीचा बुळबुळीत गर मात्र काढून टाकू नका, टोमॅटोची खरी खमंग चव त्यातच असते.

तोवर एक मध्यम कांदा अगदी बारीक चिरा. आपला लाल कांदा तिखट. चिरल्यावर त्याच्यातलं गंधकाचं झणझणीत द्रव्य तयार होतं, म्हणून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवून निथळून घ्या. मिरच्या दोन. तिखटपणा बियांत असतो असं आपण धरून चालतो; तो असतो बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरेत. घरात लहान मुलं असतील तर ती शीर सुरीच्या टोकानं खरवडून काढा. कोथिंबीर मूठभर, कोवळ्या काड्यांसकट. सगळं एकत्र करून अर्धं लिंबू पिळा आणि चाखा. मीठ आधीच पडलंय, तेव्हा हात आवरून. साखर? टोमॅटो आंबट असेल तर चिमूटभर, नाहीतर मला ती इथे अजिबात आवडत नाही.

कधी बदल हवा असेल तर टोमॅटो आणि मिरच्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजा आणि खलबत्त्यात ओबडधोबड ठेचा. वांग्याच्या भरताचा वास ज्यांना आवडतो, त्यांना हा प्रकार कच्च्यापेक्षा जास्त आवडेल.

तिकडे हे मक्याच्या चिप्सबरोबर खातात. मिसळीसोबत पापड मोडणाऱ्या नाशिककरांना मी वेगळं काय सांगू? नाचणीचा भाजलेला पापड घ्या. उरला तर झाकून फ्रीजमध्ये ठेवा, पण दोन दिवसांत संपवा.

आणि हो, चाळणीखालचं ते खारट-आंबट पाणी. मी ते बेसिनमध्ये ओतायला निघाले होते. सासूबाईंनी भांडं हातातून काढून घेतलं, त्यात थोडं साधं पाणी आणि गुळाचा खडा घातला, तुपात जिरं, हिंग, कढीपत्ता तडतडवला आणि वर ओतला. वाटीभर सार झालं. ते मात्र मला चाखायलाही मिळालं नाही.

नमस्कार.