संगमाकाठचं इंजिनिअरिंग
(पुण्यातल्या मुळा-मुठा संगमाकाठच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, कट-ऑफ, ब्रँच, प्लेसमेंट हे शब्द तुमच्या कानावर पुष्कळ पडले असतील. मी आज पाण्याबद्दल बोलणार आहे, कारण रस्ते, पूल आणि कालवे बांधणारी माणसं घडवायला तुमचं कॉलेज निघालं. १८५४ मध्ये ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झालं. पुढे नावं बदलत गेली. २०२२ मध्ये ते विद्यापीठ झालं.

इथे शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले. साठा वाढवायचा होता, पण धरणाची भिंत न वाढवता. सांडव्यावर दरवाजे लावले तर पाणी जास्त अडेल. मात्र ऐन पुरात, रात्री-अपरात्री ते उघडणार कोण? त्यांनी पाण्यालाच कामाला लावलं. पातळी ठरावीक रेषेवर चढली की दरवाजे आपसूक उघडत, उतरली की मिटत.

त्याच धरणाच्या खालच्या अंगाला सीडब्ल्यूपीआरएस, म्हणजे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याचा एक सिंचन कक्ष म्हणून ते सुरू झालं. संधी मिळाली तर तिथलं बंदराचं मॉडेल बघाच. समजा, बंदर शंभरपट लहान केलं. मग वेळही आखडावी लागते, पण शंभरपट नाही. शंभराच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे दहापट. समुद्रातलं साडेबारा तासांचं भरती-ओहोटीचं चक्र तिथे सव्वा तासात उरकतं. हा हिशेब येतो फ्राउड नंबरातून, म्हणजे प्रवाहाचा जोर आणि गुरुत्वाकर्षण यांचं प्रमाण सांगणाऱ्या आकड्यातून. तो तुम्ही परीक्षेसाठी पाठ करालच, पण तिथे तो घोटाभर पाण्यात काम करताना दिसतो.

नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तुम्हाला निव्वळ खगोलशास्त्राची वाटेल. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. एवढी थाळी भरीव पत्र्याची केली असती, तर वाऱ्याचा दाब पेलायला केवढं लोखंड लागलं असतं! गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताणलेल्या दोरांवर बारीक स्टीलच्या तारांची जाळी बसवली. लांब रेडिओ लहरी तिच्यावरून परततात, वारा मात्र आरपार जातो. आकाश बघायचं होतं, पण आधी गाठ पडली ती स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगशी.

पाषाण रस्त्याला एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, उष्णदेशीय हवामान संस्था, गणेशखिंडीला खगोलशास्त्राची आयुका. सगळं एका बसच्या अंतरावर. आणि तरी चार वर्षांत यातल्या एकाही फाटकातून आत न गेलेले इंजिनिअर मला भेटतात. याचं मला फार वाईट वाटतं. संस्थांनी दारं अधिक उघडी ठेवायला हवीत हे खरंच, पण ती ठोठवायला कुणी आलंही पाहिजे.

तुमच्यासाठी तर प्रश्न कॉलेजच्या नदीकाठच्या बोट क्लबच्या पायऱ्यांशीच आहे. रेगाटाच्या, म्हणजे तुमच्या नौकानयन महोत्सवाच्या सरावात जलपर्णी वल्ह्यात अडकते, ती सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसलेली असते. प्रवाह सिव्हिलवाल्यांनी मोजावा, सेन्सर इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी बांधावेत, आणि नमुने तपासायचे कसे हे विचारायला पाषाणला जावं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टपर्यंत कशाला थांबायचं? पातळी, तापमान आणि विरघळलेला प्राणवायू रोज ठरलेल्या वेळी नोंदवायला याच सत्रात सुरुवात करा, आणि वही पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती द्या. पातळीची पट्टी कुठे ठोकायची ते ठरवायला मी येत्या आठवड्यात नदीवर येतो आहे. ज्यांना यायचंय त्यांनी जाण्याआधी माझ्याकडे नाव द्या.