झेरॉक्स ताईची, कर्ज भलत्याचंच

हा जो कागद आत्ता स्क्रीनवर दिसतोय ना, आधार कार्डाची झेरॉक्स, नंबर आणि पत्ता आम्ही झाकलाय, पण उजवा कोपरा नीट बघा. स्टेपलरची पिन उपसल्याची दोन भोकं आहेत आणि फोटोच्या बरोबर मधून घडीची रेघ गेलीय. एका कर्ज देणाऱ्या कंपनीने माझ्या ताईला हा कागद ईमेलवर पाठवला, म्हणे हे घ्या तुमचं केवायसी, म्हणजे कर्ज घेताना ओळख पटवायला दिलेले कागद. ताईने तो मोबाईलवर मोठा करून बघितला आणि म्हणाली, अरे ही तर मी भाड्याच्या अ‍ॅग्रीमेंटला दिलेली झेरॉक्स, छोट्या पर्समध्ये मावत नव्हती म्हणून घडी मीच घातली होती.

ताई साताऱ्यात शिवणकाम करते. नवीन मशीनसाठी बँकेत लोन मागायला गेली तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, तुमचा सिबिल खराब आहे, म्हणजे कर्जफेडीची नोंद वाईट आहे, लोन होणार नाही. ताईने जन्मात कुठे कर्ज काढलेलं नाही, तिला वाटलं दुसऱ्याच कुणाची फाईल उघडली असेल. रिपोर्ट काढला तर पॅन तिचाच, जन्मतारीख तिचीच, मोबाईल नंबर मात्र अनोळखी, आणि एका अ‍ॅपवरचं १८ हजारांचं कर्ज सहा महिने थकलेलं.

त्या रात्री ती जेवली नाही. घरात चोरी झाली तर माणूस आरडाओरडा करतो, आणि इथे ताई माझ्याशी फोनवर कुजबुजत बोलत होती, शेजारी कुणाला कळू नये म्हणून, जसा काही गुन्हा तिनेच केलाय. मला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

मग आम्ही कामाला लागलो. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाकली, आणि तिची प्रिंट घेऊन पोलीस स्टेशनला गेलो. दुसऱ्याची ओळख वापरणं हा आयटी अ‍ॅक्टच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, हे कलम अर्जात नाव घेऊन लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका, पुढे प्रत्येक टेबलावर ती पोचच मागतात.

आता खरी मेख सांगतो. कंपनीला आम्ही लेखी विचारलं, केवायसीचे सगळे कागद द्या, अर्ज कुठल्या मोबाईलवरून झाला ते सांगा, आणि पैसे कुठल्या खात्यात टाकले ते सांगा. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच डिजिटल कर्जाचे नियम केलेत, त्यात पैसे थेट कर्जदाराच्या बँक खात्यात जायला हवेत असं आहे, म्हणजे खात्याचा माग असणारच. उत्तर आलं तेव्हा कळलं, ज्या बँकेची पायरी ताई कधी चढली नाही तिथे तिच्या नावाने खातं उघडलं होतं. मग संचार साथी या सरकारी पोर्टलवर ताईच्या नावावर किती सिम आहेत ते तपासलं, तर एक जास्तीचं निघालं, आणि त्याचे शेवटचे आकडे रिपोर्टमधल्या त्या अनोळखी नंबरशी जुळले! तिथेच 'हा माझा नंबर नाही' म्हणून नोंदवलं आणि हे दोन्ही पोलिसांच्या अर्जाला जोडलं.

मधल्या काळात वसुलीवाल्याचा फोन यायचा, ताई निम्मे भरून टाका, सेटलमेंट करून देतो, मिटवा विषय. ताई थकली होती, भरणारही होती. कृपा करून असं करू नका, कारण पैसे भरले की कर्ज तुमचंच होतं असा अर्थ निघतो, आणि रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा पडतो जो पुढे प्रत्येक बँकेला खुपतो. आणि हो, रात्री सातनंतर आणि सकाळी आठच्या आधी वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेने मनाई केलीय, तसा फोन आला तर वेळ लिहून ठेवा.

रिपोर्ट एका ठिकाणी दुरुस्त झाला म्हणजे झालं असं नसतं. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, चौघांकडे वेगळी नोंद असते, चौघांकडे वेगळी तक्रार करायची, वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट प्रत्येकाने फुकट द्यायचा असतो. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळायला हवी, ऑक्टोबर २०२३ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. हे नियम ताईला कुणीच सांगितले नव्हते, ना बँकेत, ना त्या कंपनीत.

आता ताई कुणालाही आधार देताना मास्क्ड आधार देते, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करून ठेवलंय, आणि झेरॉक्सवर फोटोच्या कडेला लागेल असं पेनाने आडवं लिहिते, कशासाठी दिली आणि कुठल्या तारखेला.

चारपैकी तीन ठिकाणच्या रिपोर्टमधून ते कर्ज पुसलं गेलंय. चौथ्या ठिकाणी अजून दिसतंय, त्या तक्रारीचा आज ३४ वा दिवस. हे ताईच्या मशीनमागच्या भिंतीवरचं कालनिर्णय, तिसाव्या दिवसापर्यंत नुसत्या फुल्या आहेत, आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक चौकोनात ती खडूच्या पेन्सिलीने १०० लिहिते. आजपर्यंत चार झालेत.