भालदाराची वाट

एदोकडे, म्हणजे जुन्या तोक्योकडे, जाणाऱ्या रस्त्यावर तिघं चालले आहेत. साकावा कोजुरो हा तरुण सामुराई आणि त्याचे दोन नोकर. गेंता, आणि मालकाचा भाला खांद्यावर घेतलेला गोंपाची. आपल्याकडच्या भालदार-चोपदारांतला भालदारच म्हणा ना. भाला वाहायचा, चालवायचा मात्र नाही.

१९५५ सालचा हा कृष्णधवल सिनेमा, 'चियारी फुजी'. आदल्याच वर्षी कुरोसावांचा 'सेव्हन सामुराई' आला होता. जगाने तो डोक्यावर घेतला, हा मात्र कोपऱ्यात राहिला. दिग्दर्शक तोमू उचिदा युद्धानंतर कितीतरी वर्षं चीनमध्ये होते, १९५३ मध्ये मायदेशी परतले. त्यांच्या या पुनरागमनाला हातभार लावणाऱ्यांत ओझू आणि मिझोगुची हे नामवंत दिग्दर्शकही होते.

सुरुवातीचा बराच वेळ आपण हसतच असतो. बड्या मंडळींना फुजी पर्वत बघत चहा प्यायची लहर येते. झालं, रस्ता बंद! वाटसरू खोळंबलेत, चहाचे सोपस्कार काही संपत नाहीत. तेवढ्यात भालदार व्हायचं म्हणून गोंपाचीच्या मागे लागलेल्या अनाथ पोराचं पोट बिघडतं. पोरगं जवळच आडोशाला बसतं, आणि वारा नेमका चहाच्या दिशेने वाहतो.

पोराचं काम केलंय गोंपाची झालेल्या चिएझो काताओकांच्याच मुलाने. म्हणूनच की काय, दोघांच्या नजरा कुठे खोट्या वाटत नाहीत.

खोटा निघतो तो भाला. विकल्या जाणाऱ्या एका मुलीला सोडवायला कोजुरो घराण्याचा भाला विकायला काढतो, तर तो नकली! पिढ्यान्‌पिढ्या मिरवलेला, मैलोन्‌मैल वाहिलेला.

मग ते अंगण. कोजुरो गेंताला शेजारी बसवून साके, म्हणजे तांदळाची दारू, पितोय. नोकराच्या मांडीला मांडी लावून? दुसऱ्या सामुराईंना ते खपत नाही. तलवारी निघतात आणि गोंपाची धावत पोचेपर्यंत मालक आणि गेंता दोघंही मरून पडलेले असतात.

आता नीट बघा. गोंपाचीला भाला चालवता येत नाही. तो नुसता भोसकत सुटतो, घसरतो, पडतो, पुन्हा उठतो. पिंपं फुटतात, साकेच्या धारा लागतात, अंगणभर चिखल होतो. यात ना डौल, ना शौर्य. माझ्या मते चकचकीत तलवारबाजीचे दहा सिनेमे यावरून ओवाळून टाकावेत.

शिक्षा होत नाही, उलट स्वामिनिष्ठ म्हणून त्याची वाहवा होते. पोरगं पुन्हा मागे लागतं, मला भालदार व्हायचंय. गोंपाची त्याच्यावर खेकसतो, भालदार बिलकूल व्हायचं नाही! आणि गळ्यात अस्थींची पेटी घेऊन एकटाच चालू लागतो.