मिल्कवीड लावताय? मग पानं खाल्ली जाऊ द्या

नमस्कार मंडळी, इकडे अमेरिकेत सध्या ज्याच्या त्याच्या बॅकयार्डमध्ये मोनार्क फुलपाखरांसाठी मिल्कवीड लावायची टूम निघालीय, चांगलंच आहे म्हणा, पण होतं काय, नर्सरीत लाल-केशरी फुलांचं रोप दिसतं आणि आपण तेच उचलून आणतो. ते बरेचदा ट्रॉपिकल मिल्कवीड असतं, इथलं नव्हेच. फ्लोरिडा, टेक्सससारख्या उबदार भागात ते हिवाळ्यातही हिरवं राहतं, मग त्या पानांवर ओई नावाच्या परजीवीचे बीजाणू साठत जातात, ती पानं खाल्लेल्या अळ्यांची फुलपाखरं कधीकधी कोशातून धड बाहेरच पडत नाहीत, पंख चुरगळलेले. इथल्या जाती थंडीत पार जमिनीपर्यंत वाळतात आणि स्प्रिंगमध्ये कोरी पानं येतात, त्यामुळे ती भानगड बरीच कमी होते.

मोनार्कची अळी मिल्कवीडच्या पानांशिवाय दुसरं काही खात नाही. हे झाड आपल्या रुईच्याच भाऊबंदांपैकी, पान तोडलं की तसाच पांढरा चीक (हात डोळ्यांना लावू नका हं). चीक विषारी, पण अळी तेच विष अंगात साठवते म्हणून पक्षी सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. आणि गंमत बघा, मोठी झालेली अळी आधी पानाची मधली शीर कुरतडते, पान लुळं पडतं, पुढे चीक यायचा कमी होतो, मग बाई निवांत जेवायला बसते! तेव्हा पानांची चाळण झाली म्हणून हळहळू नका, झाड त्यासाठीच लावलंय.

जमीन ओल धरणारी असेल तर स्वॅम्प मिल्कवीड, कोरडी आणि भरपूर उन्हाची असेल तर बटरफ्लाय वीड. कॉमन मिल्कवीड जमिनीखालून पसरतं, जागा असेल तरच त्याच्या नादी लागा. बियांना थंडी लागते, म्हणून फॉलमध्येच मातीत टाका, नाहीतर ओल्या पेपर टॉवेलात गुंडाळून महिनाभर फ्रिजमध्ये. जोडीला गोल्डनरॉड, अॅस्टर ही फुलझाडं हवीतच, कारण रॉकी पर्वतरांगांच्या पूर्वेकडचे मोनार्क फॉलमध्ये मेक्सिकोला निघतात, काही तर 4,000 किलोमीटरपर्यंत, तेव्हा त्यांना मध लागतो. मधमाश्याही येतातच.

रोप घेताना नियोनिकोटिनॉइड प्रकारचं कीटकनाशक मारलंय का ते विचारा, उत्तर गुळमुळीत आलं तर सरळ दुसरी नर्सरी गाठा. पिवळा मावा पडला तरी स्प्रे नको, पाण्याच्या फवाऱ्याने उडवा, फक्त त्याआधी पानाखाली मोनार्कचं बारीकसं पांढरट अंडं चिकटलेलं नाही ना, तेवढं बघून घ्या.